आठव्या घरातली कल्हई

आमच्या गल्लीत कुणाचा हातोडा चालू आहे हे डोळे मिटून कळायचं. हट्टा गावातल्या त्या बोळात तेव्हा तांबटांची चारच घरं उरली होती, पण चार हातोड्यांचे चार आवाज. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सावकाश आणि सारखा. दोन ठोक्यांच्या मध्ये माणसानं निवांत श्वास घ्यावा एवढी जागा. शेजारच्या नामदेवकाकांचा घाईचा आणि मध्येच थांबणारा, कारण दर दहा ठोक्यांनंतर त्यांना कुणाला तरी नावं ठेवायची असत. माय भाकरी थापायची तीही अण्णांच्या ठोक्यावर. अण्णा थांबले की तिचा हात परातीत थांबे आणि ती ओसरीकडे मान करून विचारी, "काय झालं हो?" हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं आमचं बिंग फोडलं ते या आवाजानंच.

बाईनं हातोडा धरायचा नाही, असा आमच्यात नियम होता. कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक नाही. बाईनं भाता ओढायचा, चिंच कोळायची, राख लावून घागर लख्ख घासायची, नवसागर कुटायचा, कल्हई चालू असताना त्या धुरात बसून खोकायचं, हे सगळं चालायचं. धूर चालतो, हातोडा चालत नाही! मी लहान असताना काकांना विचारलं होतं, "काहून चालत न्हाई?" ते म्हणाले, "पोरीनं ठोकलेलं भांडं गळतं." मी म्हणाले, "एक ठोकू द्या की मग. गळतं का बघू." मायनं तिथंच माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि दुपारी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठा ठेवला. मायचं सगळं असंच होतं, मारायची लोकांसाठी आणि खाऊ घालायची स्वतःसाठी.

आमच्या घरात सगळ्याला तांब्याची चव होती. अण्णांच्या हातचा गूळ तुरट लागायचा, मायनं केलेली अंबाडीची भाजी तुरट लागायची, ती तर मुळातच आंबट. पावसाळा सरल्यावर तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकरी आणि पाट्यावरचा ठेचा, हे आमचं सणाचं जेवण. अण्णा जेवायला बसण्याआधी हात तीनदा धुवायचे आणि तरी बोटं हिरवट दिसायची. लोकांनी तोवर स्टीलची भांडी घ्यायला सुरुवात केली होती, पाणी प्लास्टिकच्या घागरीत आलं होतं. सेनगावच्या बाजाराला अण्णा एसटीच्या टपावर सहा घागरी घालून नेत आणि चार परत आणत. तरी घागरीवर मठार घालायची एकही ओळ त्यांनी कधी गाळली नाही. मठार म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोड्यानं उमटवलेल्या त्या बारीक खळ्यांच्या ओळी. लोकांना ती नक्षी वाटते, पण त्यानं तांबं कडक होतं. हे मला अण्णांनी सांगितलं होतं, कॉलेजनं नाही.

तर ज्या यंत्राची ही गोष्ट, ते आमच्या घरात आलं भंगारातून. वारंगा फाट्यावरच्या भंगारवाल्याकडून अण्णा जुन्या तांब्याची मोड आणायचे. एकदा त्या पोत्यात काळा रंग दिलेला एक ठोकळा निघाला. बाजूला पंख्यासारख्या चकत्या, दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या, एक फुटलेली, आणि सोबत एक बोजड लोहचुंबक. अण्णांनी रंग खरवडला आणि आतल्या तांब्याला नख लावून बघत बसले. "शकू, इकडं ये. असलं तांबं मी जिंदगीत पाहिलं न्हाई." ते वितळवायचं त्यांच्या जिवावर आलं. आत काय आहे बघावं म्हणून त्यांनी करवतीनं त्याचे दोन भाग केले, आणि आम्ही तिघं, मायसुद्धा, त्यात डोकं घालून बसलो. मधे एक मोठं गोल भोक, त्याच्याभोवती आठ लहान भोकं, आणि प्रत्येक लहान भोकातून मधल्या भोकाकडं उघडणारी एक सरळ फट. माय म्हणाली, "अगं बाई, ही तर शेवेच्या सोऱ्याची चकती!" अण्णा भोकाला भोक म्हणत नसत. "आठ घरं हाईत," ते म्हणाले, "आन आठीचं दार एकाच अंगणात."

मी तेव्हा हिंगोलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, रोज एसटीनं जाऊन येऊन. तो अर्धा ठोकळा दप्तरात घालून नेला. आमचे फिजिक्सचे सर तसे आळशी, पण त्या दिवशी ते खुर्चीतून उठले. "मॅग्नेट्रॉन आहे हा. जुना, रडारमधला. तुला कुठं सापडला?" मग त्यांनी कपाटातून एक वाळवी लागलेलं जाड पुस्तक काढून माझ्या हातात दिलं आणि परत कधी मागितलं नाही. मी ते चार महिने वाचलं. मधल्या अंगणात एक नळी उभी असते, पांढरा लेप दिलेली. ती आतून लालभडक तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि सरळ तांब्याच्या भिंतीकडं धाव घेतात. पण बाहेरचं चुंबक त्यांना सरळ जाऊ देत नाही, वळवतं. मग ते खळ्यावर मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांसारखे गोल फिरत राहतात, आणि फिरता फिरता प्रत्येक घराच्या दारावरून जातात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते ना, तशी ती घरं घुमतात. फक्त ते घुमणं इतकं जलद असतं की कानाला कळत नाही, ते लहरी होऊन बाहेर पडतं. त्यातल्या एका घरात तारेचा छोटा फास असतो, त्यातून ती शक्ती बाहेर काढून घेतात. हे मी मायला चुलीपुढं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "आन बैल दमत न्हाईत?"

आता तर घराघरात अन्न गरम करायची ती पेटी आली आहे. माझी सून तिच्यात कालची भाकरी गरम करते आणि ती चामट झाली की मला विचारते, आई, असं का होतं? त्या पेटीच्या पोटात हाच प्राणी बसलेला असतो, तांब्याच्या घरांचा. मी तिला सांगत नाही. भाकरी तव्यावरच टाकावी, एवढंच सांगते.

कॉलेजच्या त्याच शेवटच्या वर्षी सरांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण आणलं. पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेला असले व्हॉल्व्ह, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या नळ्या, बनवायच्या कार्यशाळेत शिकाऊ माणसं हवी होती. अट एकच वेगळी होती: उमेदवारानं स्वतःच्या हातांनी बनवलेली एक वस्तू सोबत आणावी, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालणार नाही. सर म्हणाले, "तुझ्या वडिलांकडून एखादं छान भांडं करून घे आणि ने. कोण बघतंय?" मला जो संताप आला! मी म्हणाले, "सर, भांडं न्हाई. मॅग्नेट्रॉन नेते. आन मीच करते." सर हसले. माझ्या आयुष्यात मी जी काही कामं पार पाडली, त्यातली निम्मी कुणीतरी हसलं म्हणून पार पडली आहेत.

घरी येऊन अण्णांना म्हणाले, "मला हातोडा शिकवा." त्यांनी भात्यापुढचे कोळसे सारखे केले. मग म्हणाले, "मी सांगंन. हात लावणार न्हाई. अट हाय ना?" आणि खरंच, मी ऐरणीपुढं बसले की ते समोर पाटावर बसत आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवत. माझा ठोका चुकला की त्यांचे खांदे हलायचे, पण हात बाहेर यायचे नाहीत. फक्त सुरुवातीलाच त्यांनी एक गोष्ट केली. उठले आणि बोळाकडचं दार लावून घेतलं. मी विचारलं, "दार काहून लावलं?" म्हणाले, "वारं येतं, आगटीचा जाळ हलतो." तीस वर्षं त्या दारातून वारं येत होतं, तेव्हा जाळ हलला नव्हता. ते दार माझ्या डोक्यात बसलं.

तांबं ओतणं सोपं नाही. पहिला ओतलेला गोळा कापला तर आत नुसती जाळी, वाळवीनं खाल्ल्यासारखी. अण्णा म्हणाले, "तांबं वितळलं की हवा पितं. त्याला पिऊ द्यायचं न्हाई." दुसऱ्या वेळी त्यांनी मला वितळलेल्या तांब्यावर कोळशाची भुकटी पसरायला लावली आणि कडुलिंबाची ओली फांदी देऊन ढवळायला सांगितलं. फांदी आत गेली की तांबं उकळायचं, चरचरायचं, धूर डोळ्यांत जायचा. मुशीतून साच्यात ओतलं तेव्हा मायनं पदर तोंडात धरला होता. हा गोळा आतून घट्ट निघाला. पुढं पुण्याला आम्हाला तासभर व्याख्यान दिलं, व्हॉल्व्हच्या तांब्यात प्राणवायू का चालत नाही आणि तो कसा काढायचा. मला वर्गात हसू आवरेना. बाहेर काढलं मला.

मग तो गोळा ठोकून त्याचा ठोकळा करायचा. दार लावलेलं, आगटी पेटलेली, मार्चचा महिना. माय बाहेर उंबऱ्यावर तूर निवडत बसायची, कुणी विचारलं तर सांगायची, "अण्णा ठोकून राहिले आत." तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी अण्णा बाजाराला गेले होते आणि मी एकटीच आत ठोकत होते. नामदेवकाका बाहेर येऊन उभे राहिले. मायनं तेच सांगितलं, "अण्णा ठोकून राहिले." काका म्हणाले, "वहिनी, हा हातोडा दादाचा न्हाई. दादा दोन ठोक्यात श्वास घेतो. हा तर भांडून राहिला." आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडातून अण्णा स्वतःच पिशवी घेऊन येताना दिसले. मायची अवस्था काय झाली असेल! मी आतून सगळं ऐकत होते, पण हात थांबवला नाही. उलट दोन जास्तीच घातले.

काका अण्णांना दारातच म्हणाले, "दादा, तू पोरीच्या हातात हातोडा देला व्हय? उद्या हे समाजात कळलं म्हंजे? सेनगावच्या बाजारात तुझ्या घागरीला कुणी हात लावणार न्हाई. पोरीनं ठोकलेली घागर कोण घरात घेईल?" मला वाटलं, आता अण्णा बोलतील. एक शब्द तरी बोलतील. अण्णा आत आले आणि त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं. मग पाटावर बसले, हात मांडीखाली घातले आणि म्हणाले, "डावीकडं उंच राहिलंय." मी हातोडा आपटला. "अण्णा, तुमाला माझी लाज वाटती का काकांची भीती?" ते म्हणाले, "डावीकडं उंच राहिलंय, शकू." त्या दिवशी मी जेवले नाही. मायनं आमटीची वाटी दोनदा गरम करून समोर ठेवली आणि दोनदा उचलली.

भोकं पाडायला वारंगा फाट्यावर सलीमभाईच्या लेथवर गेले. ट्रकचे सुटे भाग दुरुस्त करणारं ते दुकान, बाहेर टायरांची रास, शेजारी चहाची टपरी. मी आधीच सांगितलं, "मशीन तुमचं, हात माझा." सलीमभाई म्हणाला, "चलाव बेटी, मैं तो बैठ के चाय पीता." पहिलंच भोक पाडताना ड्रिल तांब्यात अडकलं आणि किंचाळलं. तांबं मऊ असतं, ते ड्रिलला मिठी मारतं, सोडत नाही. मी तेल घातलं, तरी अडकलं. सलीमभाई उठला, टपरीवरून वाटीभर दूध आणलं आणि म्हणाला, "इसको दूध पिलाव. तांबे को तेल नई होना." आणि काय सांगू, दुधाची धार धरली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं सरळ उतरलं! आठ घरं पाडेपर्यंत एक लिटर दूध गेलं, माझ्या सलवारीवर, मशीनवर, सगळीकडं नासक्या दुधाचा वास. फटी मी घरी येऊन पाडल्या, करवतीचं पातं भोकातून ओवून, दोन पाती एकत्र बांधून.

सगळी घरं सारखी व्हायला हवी होती, नाहीतर एक एका सुरात घुमतं आणि दुसरं दुसऱ्या. कॉलेजातून आणलेल्या व्हर्नियरनं मी मोजलं, मला सारखी वाटली. अण्णांनी विचारलं, "हात लावू का? नुसता ऐकायला." त्यांनी ठोकळा तळहातावर ठेवून एकेका घरावर फुंकर मारली, नव्या घागरीला टिचकी मारून ऐकत तसं कान लावून ऐकलं. "पाचवं घर मोठं हाय." मी पुन्हा मोजलं. होतं, केसभर. मग गोल कानशीनं बाकीची सात पाचव्याएवढी केली, बारा दिवस लागले. वरती दोन तांब्याच्या कड्या बसवल्या, एक आड एक भिंतीला जोडलेल्या, म्हणजे शेजारची घरं एकमेकांच्या उलट घुमतात आणि गोंधळ होत नाही. मूळ ठोकळ्याच्या दुप्पट आकाराचा तो माझा मॅग्नेट्रॉन चालणारा नव्हता. निर्वात करायची सोय हट्ट्याला कुठली? पण त्याचं एकूण एक घर माझं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आले तर अण्णा आगटीपुढं बसलेले आणि घरभर नवसागराचा वास. कुणाचं तरी भांडं कल्हईला आलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्यांनी ठोकळा उपरण्यात बांधून दिला, वर सुतळीच्या दोन गाठी मारल्या आणि म्हणाले, "तिथं गेल्याबिगर सोडू नको." डोळे लाल झाले होते, मला वाटलं धुरानं. मायनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. एसटीनं परभणी आणि तिथून रेल्वेनं पुणे, सगळा वेळ मी ते गाठोडं मांडीवर धरून होते.

तिथं पाच जण टेबलामागं बसले होते. चौघं शर्ट-पॅंटमधले साहेब, आणि कडेला निळा डगला घातलेले पांढऱ्या मिशांचे एक कारागीर, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते. मी गाठी सोडल्या आणि उपरणं बाजूला केलं. आठही घरं आतून पांढरी शुभ्र चकाकत होती. अण्णांनी कल्हई केली होती! आमच्या घरातून आतून कल्हई न केलेलं भांडं कधी बाहेर गेलं नव्हतं. लेक परगावी नेणार ते तांबं उघडं कसं पाठवायचं? एवढे दिवस मांडीखाली दाबलेले हात शेवटच्या सकाळी सुटले होते.

मधले मोठे साहेब पुढं वाकले. "हे आत कथील आहे का? मॅग्नेट्रॉनमध्ये कथील? मधली नळी तापली की याची वाफ होईल, निर्वात जाईल, व्हॉल्व्ह मेला! हे कुणी सांगितलं तुला?" बाकीचे हसले. मी एका क्षणात हिशेब केला. मी केली म्हणावं, तर अडाणी ठरते. वडिलांनी केली म्हणावं, तर दुसऱ्याचा हात लागला, अट मोडली. मी म्हणाले, "कल्हई माझ्या वडिलांनी केली. मला न विचारता केली. यात कथील चालत नाही हे मला माहीत आहे, त्यांना माहीत नाही. बाकी सगळं मी केलंय." साहेब मागं टेकले. म्हणाले, "तांबट का तुमचे वडील? मग हेही त्यांनीच केलं असणार. खरं सांग. कामात सफाई आहे, आपण त्यांना एक प्रशस्तिपत्र देऊ. तू ते घेऊन जा."

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. मी म्हणाले, "माझ्या वडिलांना प्रशस्तिपत्र द्यायचं तर त्यांच्या घागरीसाठी द्या, घरी तीस पडल्यात. ह्याच्यासाठी नको. हे मी केलंय. ड्रिल कुठं आहे सांगा, करून दाखवते."

मला कार्यशाळेत नेलं. पुढं तांब्याचा एक कोरा तुकडा ठेवला, ड्रिल दाखवलं, तेलाची कुपी हातात दिली. मी ती खाली ठेवली आणि म्हणाले, "दूध मिळेल का?" साहेब म्हणाले, "चहा नंतर मिळेल." सगळे पुन्हा हसले. मी म्हणाले, "मला नको. ड्रिलला पाजायचंय." हसले नाहीत ते एकटे तात्या. ते काही न बोलता बाहेर गेले आणि कॅंटीनमधून पेलाभर दूध घेऊन आले, माझ्या शेजारी ठेवलं आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, हे पुस्तकात नसतं. ज्यानं तांब्याशी मारामारी केली त्यालाच ठाऊक असतं." मी भोक पाडलं. सरळ उतरलं.

मग तात्यांनी विचारलं, "कथील काढता येईल?" मी म्हणाले, "बर्नर द्या आन कापूस द्या." ठोकळा तापवला, कथील वितळलं, आणि लहानपणापासून कल्हई लावताना पाहिलेला हात उलटा चालवत मी ती पुसत गेले. मागं राहिलेला करडा थर खरवडून काढला. दीड तास लागला. सात घरं लाल झाली. मी कापूस खाली ठेवला. तात्या म्हणाले, "आठवं राहिलं." मी म्हणाले, "राहू द्या." साहेब म्हणाले, "अहो, ती चूक आहे." "व्हय, चूक आहे. माझ्या बापाची आहे. मी पुसणार न्हाई." "मग गुण कापावे लागतील." "कापा," मी म्हणाले. संध्याकाळी यादी लागली. माझं नाव सगळ्यात शेवटी होतं, पण होतं.

पुढची वीस वर्षं मी तिथं पांढरी टोपी घालून तांब्याची घरं जोडत बसले, तात्यांच्या हाताखाली आणि मग तात्यांच्या खुर्चीवर. माझ्या हातच्या व्हॉल्व्हनं कुठं कुठं आकाश पाहिलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या वीस वर्षांपेक्षा मला हट्ट्याची एक दुपार जास्त आठवते, पुण्याहून परत आल्याची.

माय रडत होती आणि हसत होती, मधेच पुरणाचं काय म्हणून डबे उघडत होती. अण्णांनी आधी गाठोडं उचललं. उपरणं सोडलं आणि घरांवरून बोट फिरवत गेले. लाल, लाल, लाल. आठव्याशी बोट थांबलं. "एकच बराबर झालं व्हतं का?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, सात घरांची कल्हई कच्ची निघाली, पुण्याच्या लोकांनी ती काढून टाकली. हो म्हणून सुटता आलं असतं. कुणीही सुटलं असतं. पण या माणसासमोर खोटं बोलून मी कोणता हातोडा धरणार होते? मी म्हणाले, "न्हाई अण्णा. आठी चुकली व्हती. ह्याच्यात कल्हई चालतच न्हाई. तुमच्यानं माझी नोकरी जाऊन राहिली व्हती."

"मग हे काहून ठेवलं?"

"ते तुमचं हाय म्हणून. समद्यांसमोर सांगितलं, माझ्या बापाची चूक हाय, पुसणार न्हाई."

अण्णा ऐरणीपुढच्या पाटावर बसले. माझ्या जन्मात त्यांना चुकलात असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा आठव्या घरात बोट घातलं. मग म्हणाले, "परक्या गावात, परक्या लोकांसमोर तू माझं नाव घेतलंस. आन मी हितं, माझ्याच बोळात, दार लावून बसलो."  ते उठले, बोळाकडचं दार उघडलं, दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या, आणि ऐरणीकडं बोट दाखवलं. "बस. ती घागर अर्धी हाय, मठार तू घाल."

"काका बघतील."

"बघू दे."

मी बसले. पदर खोचून माय उंबऱ्यावर आली, पण या वेळी तिच्या हातात तूर नव्हती, ती नुसतीच उभी राहिली, कुणाला काही सांगायला नाही. मी हातोडा उचलला आणि भर दुपारी, उघड्या दारात, पहिली ओळ घालायला घेतली. पलीकडं काकांचा हातोडा थांबला. माझा चालू राहिला.